निवृत्तांची हजेरी

कामं झटपट उरकतो म्हणून ‘सुपरफास्ट’ नाव पडलेला कारकून सोमवारी सकाळी पाणी खात्याच्या ऑफिसात शिरला, तर त्याच्या खुर्चीवर एक आजोबा डबा मांडीवर घेऊन बसलेले.

"काय पाहिजे, आजोबा?"

"काम! ‘सोमवारपासून ड्यूटीवर हजर व्हा’ असा मेसेज आला. झालो हजर. आता दे काम."

सुपरफास्टने घाईघाईने कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि चूक दिसली. शुक्रवारी त्याने कर्मचाऱ्यांची जुनी एक्सएमएल यादी नव्या सिस्टिमसाठी बदलून दिली होती. ‘सगळे नोड (नोंदी) कॉपी कर’ एवढीच आज्ञा कॉम्प्युटरला लिहून गडी घरी पळाला. नावं आली, फोन नंबर आले. पण नोंदीच्या टॅगला चिकटलेली ॲट्रिब्यूट्स, म्हणजे जादा शेरे, वेगळी मागून घ्यावी लागतात, ती मागायची राहिली. ‘निवृत्त’ हा शेरा नेमका तिथेच होता, म्हणून नव्या सिस्टिमने निवृत्तांनाही हजर व्हायचा मेसेज धाडला. आणि याला नोकरीत कायम करायच्या कागदावर साहेब आजच सही करणार होते!

तासाभरात प्रत्येक टेबलावर दोन-दोन माणसं झाली. जुने मोठे साहेब तर थेट केबिनमध्ये गेले. आत्ताचे साहेब एकेकाळी त्यांच्या हाताखाली होते; सवयीने उठून उभे राहिले, खुर्ची दिली आणि स्टुलावर बसून त्यांनी सांगितलेलं पत्र लिहून घेऊ लागले. दुसऱ्या पानावर ते भानावर आले आणि तरातरा बाहेर आले.

"कायम व्हायचं विसर! यादी दुरुस्त कर आणि संध्याकाळी चालता हो!"

तेवढ्यात फोन वाजला. सुपरफास्टने घाबरत उचलला.

"मेसेज पाठवणारे तुम्हीच का? मी मोठ्या साहेबांची बायको. देव तुमचं भलं करो! हे रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच स्वयंपाकघरात मला कोणी शिस्त लावत नाहीये."

"काकू, ती चूक झालीये. आत्ता दुरुस्त करतो."

"करून तर बघा! गाठ माझ्याशी आहे."

मग फोनची रीघच लागली. सगळ्या काकूंचं म्हणणं एकच. शेवटचा फोन मात्र साहेबांसाठी होता, त्यांच्या घरून.

"हो... हो गं... समोरच उभाय... बरं, बरं."

साहेबांनी फोन ठेवला, खिशातून पेन काढलं आणि कायम करायच्या कागदावर मुकाट्याने सही केली.

सुपरफास्टचा विश्वासच बसेना. "साहेब, मग यादी कधी दुरुस्त करू?"

"खबरदार!" साहेब हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय."