उतारावर भरलेली टाकी

एका जंगलात, मुलांनो, एक गाडी होती. हो, जंगलातच. झाडं होती, नदी होती, सिंह होता, तशी गाडीही होती. आत्ताच हात वर करू नका.

गाडी दवाखान्याची होती आणि सिंहमहाराजांपेक्षा वयाने मोठी होती. ती चालवायचा तानबा अस्वल. घाटापलीकडे कासववैद्य राहत. कोणी आजारी पडलं की तानबा त्याला तिकडे पोचवायचा.

गाडीचा पेट्रोलचा काटा मात्र कामातून गेलेला. टाकी भरा, पाव दाखवणार. टाकी रिकामी करा, तरी पावच. काचेवर टिचकी मारली की दचकून अर्ध्यावर जायचा आणि ओशाळून परत यायचा.

तानबाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. त्याच्याकडे बांबूची काठी होती. काठीच्या खालच्या टोकाशी तीन खाचा. पहिल्या खाचेपर्यंत ओली झाली तर गाडी ओढ्यापर्यंत जाणार, दुसरीपर्यंत झाली तर घाटमाथ्यापर्यंत, तिसरीपर्यंत झाली तर वैद्यांकडे जाऊन परत. काठी टाकीत घालायची, काढायची, बघायची, निघायचं. अकरा वर्षांत एकही आजारी वाटेत राहिला नव्हता. तानबाला याचा फार अभिमान होता. अभिमान वाटावा असं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच.

एक दिवस महाराज गाडीत बसले आणि त्यांची नजर काट्यावर गेली.

"पाव? आमच्या राज्यात पाव?"

"महाराज, काटा खोटा आहे," तानबा म्हणाला. "टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक डबा असतो, त्याची दांडी गंजलीय. टाकी उतरवून दांडी घासली की झालं. एका दुपारचं काम."

कोल्हेसाहेब प्रधान होते. ते हसले. "काम एका दुपारी उरकलं तर समिती कशी नेमायची?"

म्हणून समिती नेमली. समितीत कोल्हेसाहेबच होते. त्यांनी तीन महिने काट्याला टिचक्या मारल्या. सकाळी मारल्या, संध्याकाळी मारल्या, उन्हात मारल्या, सावलीत मारल्या. सगळ्यांची नोंद ठेवली.

मग एकदा गाडी महाराजांच्या गुहेमागच्या उतारावर उभी होती, नाक खाली करून. टाकीतलं पेट्रोल एका बाजूला धावलं. गंजकी दांडी खटकन सुटली, वर गेली आणि तिथेच अडकली. काटा भरलेल्या टाकीच्या खुणेवर जाऊन बसला.

"दुरुस्ती झाली," कोल्हेसाहेब म्हणाले.

नारळ फुटला. काट्याला हार घातला. आणि हुकूम निघाला: काटा भरलेला असताना पेट्रोल मागणं ही उधळपट्टी समजली जाईल. काठी बाळगणं हा काट्यावरचा अविश्वास समजला जाईल. काठी जप्त झाली.

टाकीत होतं तेवढ्यावर तानबाने चार फेऱ्या केल्या. काटा हलला नाही. महाराज भरदरबारात म्हणाले, "चार फेऱ्या झाल्या, टाकी जशीच्या तशी! असा कारभार कुठे पाहिलात?" कोणीच पाहिला नव्हता.

तानबा रोज गाडी हलवायचा आणि टाकीला कान लावायचा. आतलं डुचमळणं बारीक होत चाललं होतं. त्याला झोप लागेना. तो कोल्हेसाहेबांकडे गेला.

"काटा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"भरलीय म्हणतो."

"मग तू कोण?"

तानबा उठला आणि गाडीकडे परत गेला.

पाचव्या फेरीला ठकूबाई रानडुकरीण होती. कालपासून कळा देत होती, पिल्लू आडवं आलेलं. अर्धा घाट चढला आणि गाडी दोन आचके देऊन थांबली.

"काय झालं हो तानबाभाऊ?"

"पेट्रोल संपलं."

"अहो, पण काटा तर भरलेला दिसतोय!"

"दिसतोय खरा."

"मग मी आता त्याच्याकडे बघत बाळंत होऊ का?"

तानबाला भीती वाटली आणि भयंकर रागही आला. पण तिथे रागवायला काट्याशिवाय कोणी नव्हतं. त्याने ठकूबाईला पाठीवर घेतलं आणि घाट चढायला लागला. ठकूबाई भारी होती. प्रत्येक वळणावर ती म्हणायची, "माझं ओझं होतंय ना हो?" आणि तानबा म्हणायचा, "छे, कुठे काय."

ठकूबाई सुखरूप बाळंत झाली. सात पिल्लं झाली, आडवं आलेलंही जगलं. तानबाची कंबर मात्र जी वाकली ती वाकलीच.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली.

"ठकूबाई वैद्यांकडे पोचली?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"पोचली."

"वेळेत?"

"वेळेत, पण..."

"पण विचारलेलं नाही."

नोंद झाली: सेवा सुरळीत, काटा भरलेला, पेट्रोल लागत नाही. महाराजांना भरून आलं. त्यांनी पुढच्या वर्षीचं पेट्रोल बंद करून टाकलं आणि तानबाचा सत्कार ठरवला. शाल वाकलेल्या पाठीवर नीट बसली.

तानबा शाल सावरत बाहेर आला. दाराशी पाय मोडलेली नीलगाय बसली होती. तिने घाटात अडकलेल्या गाडीबद्दल काही विचारलं नाही. तिने सरळ तानबाच्या पाठीकडे पाहिलं.

तात्पर्य: मुलांनो, काटा खोटा असला तरी राज्याचं काही बिघडत नाही, एक पाठ खरी असली की भागतं. म्हणून आपली पाठ मजबूत आहे हे कोणालाही कळू देऊ नका. आता हात वर केलात तरी चालेल. फक्त कोणी पाठ दाखवू नका.