मिलच्या फाटकाबाहेरचा उतार

मंगळवारी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझा नवा लाँगबोर्ड मूल गावातल्या एका राईस मिलच्या फाटकातून बाहेर पडला. त्यावर मी नव्हतो. पन्नास किलो तांदूळ होता आणि मिलमधले एकसष्ट वर्षांचे हमाल लटारूभाऊ होते.

मी एकोणीस वर्षांपासून तालुका वार्ताहर आहे. दोन माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय मी पावसाचीही बातमी देत नाही, मग अंगातला शर्ट का ओला असेना! तेव्हा चार चाकांची एक फळी निवडताना माझी चूक होणे शक्यच नव्हते.

झाले असे की, एका संध्याकाळी मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. कुठल्याशा देशात एक बाई लांब फळीवर उभी राहून रस्त्याने उतरत होती. दोन्ही बाजूंना झाडे. ती काहीच करत नव्हती. हात पसरलेले आणि आवाज शून्य. माझी मोटारसायकल सुरू झाली की तिसऱ्या गल्लीतले कुत्रे उठते. त्या क्षणापासून मला डोळे मिटले की सागाच्या झाडांमधला रस्ता दिसू लागला. पाच वाजताचे पिवळे ऊन आणि त्यातून तरंगत जाणारा मी. स्वप्नात मला पोट नव्हते!

अकरा दिवस अभ्यास केला. निष्कर्ष असे निघाले : शिकाऊ माणसाला बोर्ड लांब हवा, बेचाळीस इंच तरी. फळी जमिनीलगत हवी, म्हणजे घाबरल्यावर पाय लवकर टेकतो. फळीवर चिकटवलेला कागद खरखरीत हवा. चाके मोठी आणि मऊ हवीत, कारण कडक चाक बारीक गिट्टीला अडते आणि माणूस एकटाच पुढे जातो. हे सगळे मला चार हजारांच्या आत हवे होते. तसा एक मिळाला. फक्त ‘भार एकशे वीस किलो’ या दाव्याला दुजोरा मिळाला नव्हता.

घरचा पत्ता देणे शक्य नव्हते. गेल्या वर्षी मी ताऱ्यांसाठी दुर्बीण घेतली होती. तिच्यावर आता रंजीता, म्हणजे माझी बायको, ओले टॉवेल वाळवते. म्हणून राईस मिलचा पत्ता दिला. तिथला मुनीम प्रफुल माझा वर्गमित्र आहे. पार्सल बुधवारी आले. प्रफुल तेव्हा बल्लारपूरला लग्नात होता आणि मी सोमवारपर्यंत गोंडपिपरीला कामावर.

मिलमध्ये धानाचा हंगाम जोरात होता. तिथे एक रीत आहे. चाक असलेली वस्तू फाटकातून आत आली की ती कामाची, आणि नव्या वस्तूची आधी पूजा. हमालांनी खोका उघडला. माझ्या बोर्डाला हळद-कुंकू लावले, झेंडूची माळ बांधली, नारळ फोडला आणि वर दोन पोती ठेवली!

मी मंगळवारी पाच वाजता पोहोचलो. परत करायची मुदत सात दिवस होती आणि तो सातवा दिवस होता. अंगणात झाडू मारणाऱ्या अंजनाबाईंनी मला पाहिले.

“या पत्रकार भाऊ! शेठनं काय गाडी आनली पाहा! आवाज नाई, काई नाई. पान्यावानी जाते.”

“बाई, थे माही हाये.”

“तुमची? तुमी कोनते पोते वाहता?”

तेवढ्यात लटारूभाऊ आले. पुढच्या भोकात नायलॉनची दोरी ओवून ते बोर्ड ओढत होते. वर दोन पोती, म्हणजे शंभर किलो. फळी लवतही नव्हती. दुजोरा मिळाला!

“वरचा कागद पाहा पत्रकार,” ते म्हणाले, “पोतं घसरतच नाई. ज्यानं कोनं निवडली असन, तो मोठा हुशार मानूस हाये.”

एकोणीस वर्षांत माझ्या कामाची अशी तारीफ कोणी केली नव्हती.

अंजनाबाईंनी मला कोंड्याच्या ढिगाकडे नेले. “दिवाईले शेठनं सांगतलं होतं, लटारू, तुह्ये गुडघे गेले, हा हंगाम झाला का घरी बस. आता दुपारपावतर नव्वद पोते होते त्याईचे. शेठ म्हनते, राह्य बाबा. हे गाडी तुमी नेली, तर लटारूभाऊ बी गेले समजा.”

मी न्यायी माणूस आहे. म्हटले, एकदा उभा राहून पाहतो, मग ठरवू.

धान वाळवायचे सिमेंटचे अंगण पाटीसारखे गुळगुळीत होते. कलत्या उन्हात तूस उडत होता, सोन्यासारखा. हुबेहूब माझे स्वप्न! मी उभा राहिलो. बोर्ड पुढे गेला आणि मी कोंड्यात बसलो. दुसऱ्यांदा बोर्ड डावीकडे गेला, मी पुन्हा कोंड्यात. तिसऱ्यांदा तो गाय आपल्या खुंट्याकडे जावी तसा थेट लटारूभाऊंच्या पायांशी जाऊन थांबला.

“तिले बोजा पायजे,” ते म्हणाले. “तुमी हलके पडता.”

मी शहाऐंशी किलो आहे. मला हलका म्हणणारा हा पहिला माणूस!

त्यांनी एक पोते पुढे ठेवले आणि स्वतः मागे उभे राहिले. “असं. गुडघे वाकवाचे, पोतं उचलतानी वाकवतो ना, तसे. नजर समोर.” अकरा दिवसांत मी जे वाचले, ते सगळे या माणसाच्या अंगात चाळीस वर्षांपासून होते. त्यांनी एका पायाने रेटा दिला. ट्रक यायचा होता म्हणून फाटक उघडे होते.

ते निघाले. काही आवाज नाही. अंजनाबाईंचा झाडू हवेत थांबला. झेंडूची माळ मागे उडत होती. तेव्हा मला कळले की मूलला उतार आहे. माझ्या लेखी हे गाव एकोणीस वर्षे सपाट होते.

“लटारूभाऊ, पाय टेका!” मी ओरडलो.

“काऊन?” त्यांनी विचारले. आणि गेले.

मी मोटारसायकलवर मागे निघालो. ती चौथ्या किकला सुरू झाली. पाच त्रेचाळीसला चहाच्या टपरीवरच्या दोघांनी त्यांना पाहिले होते. हात पसरलेले होते, असे दोघेही स्वतंत्रपणे म्हणाले. पाच सेहेचाळीसला तलावाच्या पाळीवर एका बैलगाडीने त्यांना वाट दिली. सहा पाचला मला पाळीवर पोते सापडले. ते उभे होते, शिवण शाबूत. म्हणजे पोते पडले नव्हते, ठेवले होते. बातमीत हा फरक मोठा असतो.

सात वाजून दहा मिनिटांनी लटारूभाऊंचा फोन आला.

“सोमाजी म्हनून दोस्त हाये माहा, त्याच्या आंगनात बसलो, पुढच्या गावी. चाय घेऊन राह्यलो.”

“भाऊ, उद्या कामावर येता ना? शेठ विचारून राह्यले.”

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“पत्रकार, तुमी इतके हिंडता. सोमाजी म्हनते, इथून पुढं गोंडपिपरीपावतर उतारच हाये. खरं हाये काय?”

गोंडपिपरीच्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो आहे. पण मोटारसायकलवर. “मले मालूम नाई भाऊ,” मी म्हणालो. तिकडून आता नुसत्या वाऱ्याचा आवाज येऊ लागला. फोन कटला. नंतर लागला नाही.

आता आठ वाजले आहेत आणि मी घरी आहे. पोते मिलमध्ये पोहोचवले आहे. शेठ फाटकात वाट पाहत उभे आहेत, असे प्रफुल फोनवर सांगतो. परत करायची मुदत संपत आल्यामुळे मोबाईलवर बोर्डाच्या कंपनीचा प्रश्न आला आहे : ‘वस्तू सध्या आपल्याजवळ आहे का?’ खाली दोन चौकोन आहेत, हो आणि नाही.

रंजीता टॉवेल घेऊन माझ्या मागे उभी आहे.

“अवो,” ती विचारते आहे, “कोनती वस्तू?”