अणकुचे यांची पंखकवटी

मुलांनो, एका जंगलात एक मोठा सपाट खडक होता. रॉक म्हणजे खडक, एवढं इंग्रजी त्या जंगलाला येत होतं. त्यामुळे रॉक संगीत खडकावर बसूनच ऐकायचं असतं, गवतावर बसून ऐकलं की त्याचं भजन होतं, असं तिथल्या जाणकारांचं ठाम मत होतं.

जाणकार म्हणजे जंबूराव कोल्हे. जंगलाच्या कडेला एक डाकबंगला होता. तिथे उतरलेली माणसं एकदा घाईघाईने निघून गेली आणि एक टेपरेकॉर्डर व खोकंभर कॅसेटी विसरली. जंबूरावांनी ते सगळं उचलून आणलं, ज्याला त्याला एकेक कॅसेट वाटली आणि रॉक-रसिक मंडळ स्थापन केलं. दर आठवड्याला भर दुपारी सगळे जमायचे. तापल्या खडकावर ठेवले की जुने सेल थोडा वेळ चालायचे. तेवढ्या वेळात एकाने आपला आवडता अल्बम लावायचा आणि तो आपल्याला काय देतो, ते सांगायचं.

मंडळाला नियम एकच होता. ‘छान वाटतं’ असं म्हणायचं नाही. म्हणेल त्याला खडकावरून खाली उतरवत. एक ससा असाच उतरला होता. तो बिचारा गवतातून ऐकायचा.

बाकीचे मात्र तयारीचे होते. टिटवी टिवटिवेबाई डोळे मिटून म्हणाल्या होत्या, “या अल्बमने मला माझ्या आतल्या पोकळीची ओळख करून दिली.” मुसंडे रानडुक्कर म्हणाला होता, “यातला ड्रम ऐकताना व्यवस्थेच्या पायाखालची माती सरकल्यासारखी वाटते.” बोलता बोलता तो स्वतःच माती उकरत होता, पण तो विषय कुणी काढला नाही. गव्हाणे गवा एवढाच काय तो कधी बोलत नसे. तो रवंथ करत बसायचा, आणि अंगाने असा होता की त्याला कुणी विचारायच्या फंदात पडत नसे.

आता आपल्या अणकुच्याकडे वळू. अणकुचे हा साळिंदर. साळिंदराच्या शेजारी कुणी बसत नाही. यात कुणाचा दोष नाही, काटे टोचतात. पण कॅसेटचं रीळ सैल झालं की तिच्या भोकात घालून फिरवायला साळिंदराच्या काट्यासारखी दुसरी वस्तू नाही. म्हणून मंडळाने त्याला सभासद करून घेतलं आणि टेपरेकॉर्डरही त्याच्याच बिळात ठेवला. खडकावर त्याची जागा सगळ्यांपासून दोन हात लांब होती. तरी ती जागा होती. ती गेली तर उभ्या जंगलात आपल्याला कुणी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि एके दिवशी त्याची पाळी आली.

त्याच्या कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने एक कवटी काढली होती. तिला पंख होते. कवटी वांग्यासारखी झाली होती, पण जंबूरावांनी लांबूनच ओळखली.

“पंखकवटी,” ते म्हणाले. “माझ्याकडे याचीच छापील प्रत आहे. लावा.”

गिटार गरजली. ड्रम कोसळले. गाणारा माणूस कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखा ओरडू लागला. आणि ऐन रंगात आलेलं असताना खट्ट असा आवाज झाला. सगळं थांबलं आणि एका बाईचा आवाज आला, “चला, पानं वाढलीत. या लवकर, गार होतंय.” पुन्हा खट्ट. पुन्हा गिटार.

सगळ्यांनी जंबूरावांकडे पाहिलं.

“माझ्या प्रतीत हे नाही,” जंबूराव हळूच म्हणाले. त्यांचे कान ताठ झाले होते. “अणकुचे, ही दुर्मीळ आवृत्ती दिसते. ऐकलंत ना सगळ्यांनी? पानं वाढलीत. म्हणजे जंगल माजलंय. गार होतंय. म्हणजे हवामान बिघडलंय. आणि या लवकर, ही झाली क्रांतीची हाक. अहो, एवढा मोठा पर्यावरणाचा अल्बम आपल्यात होता आणि आपल्याला पत्ता नाही.”

“माझी पोकळी भरून आली,” टिवटिवेबाई म्हणाल्या.

जंबूराव प्रेमाने अणकुच्याकडे वळले. “आता तुम्ही बोला. हेच देतो ना तो तुम्हाला? हो म्हणा, पुढच्या आठवड्यापासून तुम्ही मंडळाचे उपाध्यक्ष.”

मुलांनो, नुसतं हो म्हणायचं होतं. तुम्ही म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं, आणि वर चार शब्द घातले असते. पण अणकुच्याचं लहानपण डाकबंगल्याच्या स्वयंपाकघरामागे गेलं होतं. पानं वाढणं म्हणजे काय, हे त्या जंगलात त्याला एकट्याला माहीत होतं.

“नाही हो,” तो म्हणाला. “ती बाई जेवायला बोलावतेय. गाणं ऐकताना कुणाचं तरी बोट चुकून आवाज भरायच्या लाल बटणावर पडलं असणार. मी सेल उन्हात तापवून रोज संध्याकाळी लावतो. तिचा आवाज आला की हात धुतो आणि कंदमुळं घेऊन बसतो. मला दुसरं कुणी बोलावत नाही ना. ही बोलावते.” तो थांबला. नको ते तोंडाशी आलं होतं. “छान वाटतं,” तो म्हणाला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. अणकुच्याला खाली उतरवलं. उतरताना त्याने कॅसेट मागितली, पण ती अभ्यासासाठी मंडळाने ठेवून घेतली. टेपरेकॉर्डरही ठेवून घेतला.

मग अभ्यास सुरू झाला. जंबूरावांनी ‘पानं वाढलीत’वर भाषणं दिली. मुसंड्याने आपल्याही कॅसेटवर लाल बटण दाबून मध्ये गुरगुर भरली. पंखकवटी इतक्या वेळा पुढे-मागे झाली की रीळ सैल होऊन आत गुंतलं. काट्याने फिरवायला आता कुणी नव्हतं. जंबूरावांनी नख लावून ओढलं, तेव्हा ते चरचर तुटलं.

गुंता घेऊन ते स्वतः बिळापाशी आले. “हे घ्या,” ते म्हणाले. “आशय आम्ही काढून घेतलाय.”

अणकुच्याने काटा घालून पाहिला. काही होण्यासारखं नव्हतं. संध्याकाळ झाली. सवयीने त्याने हात धुतले आणि कंदमुळं समोर घेतली. पण घास काही उचलवेना. त्याला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात बाहेर जमीन हादरली. बिळाच्या तोंडाशी, दोन हात लांब, गव्हाणे उभा होता. त्याने रवंथ थांबवलं होतं. त्याला काय म्हणायचं होतं ते तो वाटभर घोकत आला असावा.

“चला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पानं वाढलीत. या लवकर.” पुढचं त्याला आठवेना. “गवत आहे,” तो म्हणाला. “गारच असतं.”

अणकुच्याने पुन्हा एकदा हात धुतले आणि तो गव्हाण्याच्या मागून निघाला. गवत साळिंदराला पचत नाही. तरी त्याने पान स्वच्छ केलं.

“कसं वाटलं?” गव्हाण्याने विचारलं.

“छान वाटलं.”

गव्हाण्याने मान हलवली आणि आणखी थोडं वाढलं.

तात्पर्य : आपला आवडता अल्बम चारचौघांत कधीही लावू नये. अल्बम तर हातचा जातोच, वर कुणाकडे तरी रोज जेवायला जावं लागतं.