अप्पांचे दोन गवाह

विश्वनाथप्पांच्या पाठीवर विंचू चढलाय असं तुम्ही ओरडून सांगितलंत, तरी ते जागचे हलणार नाहीत. आधी विचारतील, "दुसरा गवाह कोन हाय?"

दिंद्रुडच्या पेठेत त्यांचं पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करायचं दुकान आहे. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, बोटांना कायम वार्निशचा वास. भाजीवाली म्हणाली, कोथिंबीर आजचीच आहे, की अप्पा तिच्या शेजारणीला विचारणार, "ही खरं बोलती का?" शेजारीणही कोथिंबीरच विकते, हे त्यांच्या लेखी चांगलंच. वैऱ्याची गवाही पक्की असते म्हणतात.

मी पत्रकं लिहितो, छापतो, चौकात वाटतो. अप्पा मला नावानं हाक मारत नाहीत, 'पत्रकवाले' म्हणतात. 'जनता जागी झाली आहे' हे माझं पहिलंच वाक्य वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"कोन जागा झालाय बे? दोन नावं सांग."

मला एकच आठवलं. तेही माझंच.

हे गवाहाचं वेड त्यांना जुनंच. पण ते वाढवलं त्यांच्या गाडीनं. अप्पांकडे पंचवीस वर्षांची एक पांढरी गाडी आहे. जुन्या गाडीत पायाखालच्या अॅक्सिलरेटरला एक तार असते. पाय दाबला की तार ओढली जाते आणि इंजिनाची हवेची झडप उघडते. गेल्या वर्षी अप्पांनी ती तार काढायचं ठरवलं. नव्या गाड्यांत तार नसते. पाय किती दाबला ते एक यंत्र विजेच्या इशाऱ्यानं एका डब्याला कळवतं, आणि डब्याच्या हुकमानं एक छोटी मोटार झडप उघडते. झडप किती हळू उघडायची तेही डब्याला शिकवता येतं.

गावानं अप्पांना वेड्यात काढलं. "चांगली चालती गाडी कावून उचकटायलेत?"  अप्पांनी भंगारातल्या नव्या गाडीची झडप आणली, पेडल आणलं, डबा मागवला. मी नियमावर बोट ठेवणारा माणूस. विचारलं, "आरटीओची परवानगी?"

"घेतली. दोन प्रतीत."

गंमत पुढे झाली. त्या पेडलमधून एक नाही, दोन इशारे निघतात. एक चुकला तर दुसऱ्यानं सांभाळावं म्हणून. दोघांचं जुळलं नाही तर डबा इंजिनाचा वेग वाढूच देत नाही. अप्पा खूश झाले. "म्हंजी दोन गवाह!" त्यांनी सगळं जोडलं, चावी फिरवली, पाय दाबला. इंजिन जागच्या जागी गुरगुरत राहिलं, तसूभर वाढेना.

"गवाह फितूर झाला!" अप्पा दुकानातून ओरडले. रस्त्यावरचे दोघं-तिघं कोर्टाचं काही असेल म्हणून थांबले.

तीन दिवस ते पेडल मांडीवर घेऊन बसले होते. चूक सापडली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. दोन्ही गवाहांचं म्हणणं एकच असावं म्हणून त्यांनी दोन्ही तारा एकत्र पिळून एकाच ठिकाणी जोडल्या होत्या. डब्याला तसं नको होतं. एकानं जेवढं सांगायचं, दुसऱ्यानं त्याच्या निम्मं सांगायचं, तरच तो दोघांना खरं मानत होता.

"शब्दाला शब्द जुळला म्हंजी पढवलेले गवाह," अप्पा म्हणाले. "माझ्यापेक्षा डबा हुशार निघाला, पत्रकवाले."

तेव्हापासून दोन माणसं अगदी सारखं बोलली की अप्पा जास्तच संशय घेतात.

त्याच दिवसांत मी आमच्या बीडच्या रस्त्याबद्दल पत्रक काढत होतो. अप्पांच्या बायकोला, महानंदाकाकूंना, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बीडला न्यावं लागतं. दुखण्यानं हाडं ठिसूळ झालेली. प्रत्येक हिसक्याला त्या कण्हतात, हे मी एकदा गाडीत मागं बसून ऐकलं होतं. मी लिहिलं, 'खड्ड्यांनी एका माउलीची हाडं मोडायला घेतली आहेत', आणि खाली सही करा म्हणून अप्पांकडे गेलो.

अप्पांनी कागद परत दिला.

मी भडकलो. "जगाला गवाह मागता, आणि स्वतःवर वेळ आली की घाबरता?"

काकू आत निजल्या होत्या. अप्पांनी दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"खड्डे हायेत. त्याला शंभर सह्या मिळतील. पन हिसके समदे खड्ड्याचे न्हाईत."

"मग?"

"ती कण्हली की माझा पाय थरथरतो. आवरत न्हाई. तार लई इमानदार असती बाबा. पाय जेवढा कापतो तेवढं समदं इंजिनला सांगती. गाडी हिसके देती, ती आनखी कण्हती, मी आनखी कापतो. तिला वाटतं रस्ता वाईट हाय. वाटू दे. माझ्या भ्यापायी तिला दुखतं, हे तिला कसं सांगू?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

"रस्ता सुधरंल तवा सुधरंल," अप्पा म्हणाले. "तू लिहीत ऱ्हा. मला पाय आन् इंजिनच्या मधी कुनीतरी समजदार पाहिजे होता. भ्या पोटात ठिवनारा."

आधी महिनाभर, डब्याला झडप हळू उघडायला शिकवत, त्यांनी गाडी रिकाम्या माळावर फिरवली, मागच्या सीटवर पाण्यानं भरलेली परात ठेवून. तोवर बीडच्या खेपा भाड्याच्या जीपनं झाल्या. पाणी सांडेनासं झालं तेव्हाच काकूंना बसवलं. मला सोबत घेतलं. रस्ता होता तसाच होता. खड्ड्यात चाक जाई तेव्हा गाडी हले, पण पुढचा तो धक्क्यावर धक्का नव्हता. काकू दोनदा कण्हल्या. मग एकदा म्हणाल्या, "आज रस्ता बरा केलाय वाटतं." अप्पा म्हणाले, "हां, केलाय थोडा."

बीड यायच्या आधी काकूंना झोप लागली.

दवाखान्याच्या आवारात अप्पांनी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, पण चावी फिरवून इंजिन बंद केलं नाही. जुनं इंजिन बंद होताना सगळी गाडी हलवतं.

"वेळ हाय अजून," ते पुटपुटले. "तू जाऊन नंबर लाव. दार आपटू नको."

मी दार नुसतं टेकवलं आणि वळताना खिडकीतून आत पाहिलं. अप्पांनी पेडलवरचा पाय मागं घेतला होता, आणि तो कापणारा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मागं काकू तोंड किंचित उघडं ठेवून झोपल्या होत्या.