शब्बीरभाईंची चार मिनिटं

"शब्बीरभाई, आठ वाजले," असं कुणी म्हटलं की शब्बीरभाई हातातलं काम न थांबवता विचारायचे, "कोणाच्या घड्याळात?"

दुबईतल्या आमच्या लॅबमध्ये जनावरांचं रक्त तपासतात. उंट, घोडे, ससाणे, लाडावलेल्या मांजरी, सगळे येतात. तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन शब्बीरभाई. मूळचे दापोलीकडचे, राहायला इंटरनॅशनल सिटीत, एका खोलीत तिघांबरोबर. आकडा कुठल्या यंत्राचा, कुठल्या पद्धतीचा, हे कळल्याशिवाय तो त्यांच्या कानात शिरतच नसे. एकदा अल बर्शाला माझ्या घरी जेवायला आले, तेव्हा माझी लेक ईरा अंथरुणात होती. मी म्हटलं, "शंभर ताप आहे." लगेच प्रश्न, "काखेत की तोंडात? किती मिनिटं?" आणि स्वतःच घड्याळ लावून तिच्या उशाशी बसले.

"आय ॲम फाइन, अंकल," ईरा म्हणाली.

"तू फाइन असशील गो बाय, थर्मामीटरचं काय?"

त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. एकाच उंटाचं रक्त तीन लॅबमध्ये गेलं की तीन उत्तरं यायची. तपासणीची किट बहुतेक गाईंसाठी बनलेली; उंटासाठी पॉझिटिव्हची रेषा कुठे ओढायची, हे प्रत्येक जण आपापलं ठरवायचा. "उंट एक, रक्त एक. मग आपण उंट तपासतो की आपलं नशीब?" असं म्हणत ते बाकीच्या लॅबना मेल पाठवायचे. सगळ्यांनी एकच सॅम्पल तपासा, एकाच पद्धतीने तपासा, उत्तरं ताडून बघू. उत्तर क्वचित यायचं. मग चिडले की ते मराठीत लिहायचे. फ्रिजवर तपासणीच्या औषधाबद्दल त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'बाटली काढा. थंडी जाऊ द्या. मग चार मिनिटं. साडेतीन नाही.' आमच्या मल्याळी आणि फिलिपिनो लोकांना ती वाचता येत नव्हती, पण अर्थ सगळ्यांना पाठ होता.

मलाही होता. तरी गेल्या हिवाळ्यात चुकले ती मीच.

करीमदाद नावाचा एक बलोच माणूस आला होता. अल ऐनच्या रस्त्यावर, वाळवंटात, एका मालकाचे उंट सांभाळायचा. मलिका नावाच्या सांडणीला त्याने आईविना बाटलीने वाढवलं होतं. दुसऱ्या एका लॅबने तिला ब्रुसेला सांगितला होता. हा रोग कच्च्या दुधातून माणसालाही होतो, म्हणून अशी सांडणी ठेवत नाहीत. करीमदाद शेवटच्या आशेने आमच्याकडे आला. मी तपासलं. निगेटिव्ह. त्याने कागद कपाळाला लावला.

"दोनों वक्त उसीका दूध पीता हूँ, बहनजी," तो जाता जाता म्हणाला, "उसको क्या होगा?"

संध्याकाळी शब्बीरभाईंनी माझी नोंद बघितली. "दोन लॅब, दोन उत्तरं. कसं केलंस?"

त्या दिवशी चाळीस सॅम्पल होती. बाटली फ्रिजमधून काढून तशीच वापरली होती, आणि दोन मिनिटांत वाचून पुढच्या सॅम्पलला हात घातला होता. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. बाटली काढून टेबलावर ठेवली आणि तिची थंडी जाईपर्यंत थांबले. मग पांढऱ्या प्लेटवर मलिकाच्या रक्तद्रवाचा एक थेंब, त्यात गुलाबी औषधाचा एक थेंब. शेजारी एक खात्रीचं पॉझिटिव्ह, एक खात्रीचं निगेटिव्ह. दोन मिनिटं झाली, थेंब गुळगुळीत. तीन झाली, तरी गुळगुळीत. चौथं भरत आलं आणि कडेला बारीक रव्यासारखे कण दिसायला लागले. पॉझिटिव्ह.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या पद्धतीने केलं. तेच.

"रिपोर्ट तर गेलाय," मी म्हटलं. "राहू द्या ना. ती वाचेल."

"ती वाचेल. आणि तो?"

त्यांनी स्वतः फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "करीमदाद, पहला रिपोर्ट गलत था. मेरे हाथ से हुआ." मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. "अब सच बोलना. शाम को बुखार आता है? पसीना?" "रोज शाम को," पलीकडून आलं.

शब्बीरभाईंनीच त्याला माणसांच्या दवाखान्यात नेलं. त्यालाही ब्रुसेला निघाला. कित्येक आठवड्यांच्या गोळ्या लागल्या. मलिकाला मारून टाकलं. त्यानंतर करीमदादने शब्बीरभाईंचा फोन उचलणं बंद केलं.

महिन्याभराने एका शुक्रवारी शब्बीरभाईंनी माझ्याकडे गाडीने सोडायची विनंती केली. त्याआधी त्यांनी कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी कुठे ते न विचारता निघाले. त्यांच्या मांडीवर भात आणि माशाच्या कालवणाचा डबा होता. तासाभराने मलिकाच्या रिकाम्या गोठ्याशी पोहोचलो. करीमदाद सावलीत चटईवर बसला होता. शब्बीरभाईंनी डबा आणि गोळ्यांचं पाकीट चटईच्या कडेला ठेवलं, आधीचा रिकामा डबा उचलला आणि गाडीपाशी परत आले.

"दर शुक्रवारी असंच," ते म्हणाले. "बोलत नाही तो. गोळ्या संपतात, तेवढं बास."

"चूक माझी होती. मी सांगते त्याला."

"नको. त्याला रागवायला एक माणूस पुरे."

"पण दर शुक्रवारी, इतक्या लांब?"

ते गोठ्याकडे बघत राहिले. "नमाजानंतर मी घरी फोन करायचो. तीस वर्षं. बायको गेली, नजमा, तेव्हापासून तिकडे उचलणारं कोण नाही. ती वेळ काढायची कुठे?"

दोन वर्षांपूर्वी ते नऊ दिवसांच्या रजेवर गावी गेले होते, ते त्यासाठीच. परत आल्यावर छपराचं काम झालं, एवढंच म्हणाले होते. आणि आम्ही कौलं घातली की पत्रा, ते विचारलं होतं.

मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात करीमदादने डबा पुढे ओढला. झाकण उघडलं. आमच्याकडे बघितलं. आणि तो चटईवर एका बाजूला सरकला.

शब्बीरभाई चपला काढून त्या जागेवर जाऊन बसले.