पेपरमागचा हेर

येत्या रविवार संध्याकाळपासून त्या जुन्या हेरमालिकेचा पहिला हंगाम दाखवणार, ही बातमी जावयाने ओरडतच सांगितली आणि हेरकाकांच्या हातातला चमचा बशीत पडला.

“पहिला? अरे, पण तो तर हरवला होता ना?”

“सापडला, बाबा! कुठल्याशा गोदामात पडून होता. आता कळू दे सगळ्यांना, तुम्ही काय चीज होतात ते!”

काकांना नेमकी तीच भीती होती.

ती मालिका जगाला ठाऊक होती ती दुसऱ्या हंगामापासून. देखणा नायक, मोटारींचे पाठलाग, उड्या. त्याआधी एक पहिला हंगाम होऊन गेला आणि त्यात टक्कल पडलेला, सारखा खोकणारा हेर होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. पुन्हा दाखवतानाही सुरुवात दुसऱ्यापासूनच व्हायची. या विसराळूपणावर काकांचं आयुष्य मजेत चाललं होतं. पहिल्या हंगामाच्या पहिल्याच भागात त्यांनी काम केलं होतं, हे अगदी खरं. लग्नाआधी काकूंना त्यांनी ‘छोटंसं काम’ एवढंच सांगितलं होतं. मुलगी झाली तोवर ते शत्रूचे हेर झाले, तिच्या लग्नापर्यंत शत्रूचे प्रमुख, आणि अलीकडे तर धावत्या आगगाडीच्या टपावर त्यांची मारामारीसुद्धा होऊन गेली होती. बिल्डिंगने त्यांना हेरकाका हे नाव उगाच नव्हतं दिलं.

प्रत्यक्षात ते उपाहारगृहाच्या एका दृश्यात तोंडासमोर पेपर धरून बसले होते. “काही झालं तरी पेपर खाली करायचा नाही,” असं दिग्दर्शकाने बजावलं होतं आणि काकांनी ते इमानेइतबारे पाळलं होतं. बाकीचे हसले तर हसोत, पण काकू? इतकी वर्षं ती प्रत्येक गोष्ट मान डोलावत ऐकत आली होती. तिच्यासमोर पितळ उघडं पडणार या विचाराने काकांना घास गोड लागेना.

रविवारी काकूंनी सकाळीच ठेवणीतले कपडे काढले आणि दुपारपासून आरशासमोर केस विंचरायला घेतले.

“अगं, टीव्ही आपण बघणार आहोत, टीव्ही आपल्याला नाही!” काका वैतागले.

“असू दे हो,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा कंगवा फिरवला.

काकांनी गुपचूप टीव्हीमागची केबल कात्रीने कापून टाकली. झालं, जावई धावत शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांचा टीव्ही दुप्पट मोठा. शिवाय त्यांच्याकडे पाहुणे आले होते, तेही प्रेक्षकांत जमा झाले. काकांना घाम फुटला. “पाणी पिऊन येतो,” म्हणत ते जिन्याखालच्या बोर्डापाशी गेले आणि डॉक्टरांचा समजून एक फ्यूज उपटून खिशात घातला. तो निघाला सगळ्या बिल्डिंगचा. दारं उघडली, माणसं जिन्यात आली आणि जावयाने एकेकाला सांगायला सुरुवात केली, “आमच्या बाबांचा भाग आहे हो आज, आणि नेमका फ्यूजच कुणीतरी पळवलाय! हे एखाद्या हेराचंच काम!”

“त्यात काय एवढं?” वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “समोर माझी शाळा आहे. सभागृहाची किल्ली माझ्याकडेच असते. तिथे भिंतभर पडदा आहे.”

अशा रीतीने, जे घरातल्या चौघांना दिसणार होतं ते अख्ख्या बिल्डिंगला भिंतीएवढं दिसायची व्यवस्था काकांनी स्वतःच्या हाताने केली.

भाग सुरू झाला. हेर खोकला, फिरला, पुन्हा खोकला. मग आलं ते उपाहारगृह. कोपऱ्यात एक उघडा पेपर आणि त्याला दोन हात.

“बाबा कुठे आहेत?” जावयाने विचारलं.

काका उभे राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “तो पेपरमागचा... तो मी. तेवढंच माझं काम. आगगाडी वगैरे काही नव्हतं.”

सगळ्यांनी माना वळवून काकांकडे पाहिलं. मग डॉक्टर म्हणाले, “काका, वाईट नका वाटून घेऊ, पण पेपरमागे कुणीही असेल की!”

हा घाव वर्मी बसला. इतकी वर्षं थापा खपल्या आणि खरं बोलल्यावर लोक पुरावा मागत होते!

“पाय बघा ना त्याचा,” काकू शांतपणे म्हणाल्या.

टेबलाखाली पेपरवाल्याचा उजवा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा थडथड हलत होता. तो पाय बिल्डिंगच्या प्रत्येक बैठकीत सगळ्यांनी सोसला होता. “अरे, काकाच ते!” एकच हशा आणि टाळ्या. काकांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पडद्यावर हातात कप घेऊन एक तरुणी पेपरापाशी आली. चेहरा अगदी समोरून.

“साहेब, चहा,” ती म्हणाली. पेपर हलला नाही.

काका खाली बसले. “अगं... ही तर तू!”

“मग? वाक्यसुद्धा होतं मला,” काकू म्हणाल्या. “किती वेळ उभी होते तो कप धरून! पेपर थोडा खाली केला असतात तर दिसले असते.”

“पण सांगायचंस ना कधीतरी!”

“तुमची गोष्ट दर वर्षी रंगत चालली होती, मध्ये कशाला बोलायचं? आगगाडीचा टप तर मला फारच आवडला. आणि त्या पायावरून तुम्हाला मी लग्नाआधीच्या पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. म्हटलं, सांगितलेलं इतकं ऐकणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही.” मग त्यांनी हळूच हात पुढे केला. “आता खिशातला तो फ्यूज द्या, जावयाला दिसायच्या आत.”

काकांनी मुकाट्याने दिला. त्यांना इतकं हलकं आणि इतकं आनंदी कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मुद्दाम अभिनंदन करायला आले. “काकू, काल कमाल केलीत!”

“अहो, कुठलं काय,” काकू त्यांच्यापुढे कप ठेवत म्हणाल्या. “बाकी त्या चहात विष होतं, ते तुमच्या लक्षात आलं ना? ते द्यायचं की नाही, सगळं माझ्यावर होतं. हेरांची मुख्य मीच...”

समोरच्या खुर्चीतला पेपर जराही खाली आला नाही. टेबलाखाली मात्र एक पाय जोरजोरात हलत होता.