वॉर्ड नंबर तीनची वाकडी रेघ

त्र्यंबकने उन्हात जायचं नाही असं ठरवलं, एवढंच काय ते झालं. (चैत्रातलं कल्याणचं ऊन ज्याने डोक्यावर घेतलंय, तो त्याला नावं ठेवणार नाही.)

म्युनिसिपालिटीचे काही मेंबर आता लोकांनीच निवडायचे, त्यासाठी गावाचे वॉर्ड पाडायचे, असा सरकारी हुकूम नुकताच आला होता. घरोघर फिरून वॉर्ड नंबर तीनची हद्द आखायचं काम मामलेदारसाहेबांनी त्र्यंबकवर सोपवलं. बिचारा तीन वर्षं हंगामी कारकून होता. "काम चोख झालं तर कायम करतो. मात्र बाहेर वाच्यता नको," साहेब म्हणाले.

त्र्यंबकने वाच्यता केली नाही. घरी येऊन बायकोला सहज विचारलं, "पारनाक्यापासून तळ्यापर्यंत कोणकोणाची घरं धरायची गं?"

उत्तरा कैरीची डाळ वाटत होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू दोन दिवसांवर आलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नवऱ्याने बोलावण्यांची चौकशी केल्याची ही पहिलीच वेळ. तिला अगदी भरून आलं. तिने एका दमात बेचाळीस घरं सांगितली. त्र्यंबकने सावलीत बसून त्या घरांभोवती लाल रेघ ओढली आणि ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. ते रागावले असते तर परवडलं असतं, पण त्यांना कुतूहल वाटलं. इथे ओढा नाही, रस्ता नाही, मग ही तीन घरं टाळून रेघ विहिरीला वळसा का घालते, असं ते विचारू लागले.

"त्याला कारण आहे साहेब, उद्या सांगतो," त्र्यंबक म्हणाला. (कारण त्यालाही हवंच होतं.)

संध्याकाळी उत्तराने ते घडाघडा सांगितलं. पहिल्या घरातलीने मुंजीला नेलेली परात पोचा पाडून परत केली होती. दुसरीने पन्ह्यात नुसतं पाणी असतं असं चारचौघींत म्हटलं होतं. तिसरीशी का बोलत नाही ते तिलाही ठाऊक नव्हतं. सासूबाई बोलावत नसत, म्हणून तीही बोलावत नव्हती. ही सगळी चौकशी हळदीकुंकवासाठी नसून नकाशासाठी होती हे कळल्यावर मात्र तिने त्याचं ताट आपटून वाढलं.

कायम होण्याची आशा आता खरं सांगण्यावरच होती, म्हणून सकाळी त्र्यंबकने साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेबांनी हसू दाबत पराती-पन्ह्यासकट ऐकून घेतलं. मग नकाशाच्या मधोमध बोट ठेवलं.

"हे सगळं समजलं. पण हे एक घर पाहा. चारी बाजूंना वॉर्ड नंबर तीन, आणि हेच तेवढं कुठल्याच वॉर्डात नाही. यांच्याशी तुमच्या मंडळींचं काय बिनसलंय?"

त्र्यंबकने वाकून पाहिलं. स्वतःच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं कोण पाठवतं?

"बिनसलेलं काही नव्हतं, साहेब," तो खालमानेने म्हणाला. "काल संध्याकाळपासून आहे."